क्रूझवर वायफाय जोडलंय पण नेट नाही, डिनरचं बुकिंगही गायब: नेमकं कुठे अडतंय ते असं शोधा

वायफाय जोडलेलं दिसतं, सिग्नलचे दांडे पूर्ण, तरी काहीही उघडत नाही, आणि नेमकं संध्याकाळी डायनिंग रूमच्या दारात उभं असताना ॲपमधलं बुकिंगच दिसेनासं होतं. क्रूझवर जाणाऱ्या जवळपास प्रत्येक घरात ही कटकट होते, आणि दर वेळी लोक तेच करतात, म्हणजे फोन बंद-चालू, ॲप उडवून परत टाकणं, मग वैतागून इंटरनेटचं महागातलं पॅकेज घेणं. पॅकेज घेऊनही तेच. मला याचं खरंच वाईट वाटतं कारण यातल्या बऱ्याचशा भानगडी फोनमधल्या दोन-तीन सेटिंगमुळे होतात आणि केबिनमध्ये बसल्या बसल्या सुटतात.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. जहाजावर दोन वेगळी नेटवर्क असतात पण वायफायचं नाव बहुतेक वेळा एकच असतं. एक जहाजाचं आतलं नेटवर्क, त्यावर क्रूझचं ॲप, रोजचा कार्यक्रम, मेनू, टेबलचं बुकिंग, खात्यावर चढलेला खर्च हे सगळं चालतं आणि बहुतेक कंपन्या त्याचे पैसे घेत नाहीत. दुसरं बाहेरचं इंटरनेट, ते सॅटेलाइटवरून येतं आणि त्याचंच पॅकेज विकत घ्यावं लागतं. जेवणाचं बुकिंग दिसत नाही म्हणून इंटरनेटचं पॅकेज घेणं म्हणजे दुखणं एकीकडे आणि औषध दुसरीकडे. बुकिंग आतल्या नेटवर्कवर असतं.

म्हणून पहिली तपासणी ही. क्रूझचं ॲप उघडा आणि आजच्या डिनरचा मेनू बघा. मेनू उघडला पण बाहेरची साइट उघडत नसेल तर तुमचा फोन जहाजाशी नीट बोलतोय, अडचण लॉगिनमध्ये किंवा सॅटेलाइटमध्ये आहे. मेनूसुद्धा उघडत नसेल तर जवळजवळ नेहमी अडचण फोनमध्ये असते, आणि तिथूनच सुरुवात करायची.

मेनूसुद्धा उघडत नाही तेव्हा

अँड्रॉइड फोनवाल्यांचं सगळ्यात जास्त इथेच अडतं. जहाजाचं वायफाय जोडल्यावर फोन बघतो की बाहेरचं इंटरनेट काही लागत नाहीये (पॅकेज घेतलेलं नसेल तर लागणारच नाही), मग स्क्रीनवर वर एक बारीकशी सूचना येते की या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवायचं का. आपण घाईत ती बाजूला सरकवतो, आणि फोन आपल्या मनाने वायफाय सोडून देतो. आयकॉन कधी दिसतो, कधी जातो, ॲप कधी चालतं, कधी नाही, आणि आपल्याला वाटतं जहाजाचं वायफायच फालतू आहे. ती सूचना परत आली की तिच्यावर टॅप करून 'हो' म्हणायचं आणि 'पुन्हा विचारू नका' वर खूण करायची. सूचना येतच नसेल तर वायफाय बंद करून परत लावा, येते. त्याच्या जोडीला वायफाय सेटिंगमध्ये 'आपोआप मोबाइल डेटावर जा' असा काहीतरी पर्याय असतो, प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये त्याचं नाव वेगळं असतं, तो बंद करून टाका.

दुसरा नेहमीचा गुन्हेगार व्हीपीएन. ऑफिसच्या फोनमध्ये तो कायम चालू असतो आणि लोकांच्या लक्षातही नसतं. व्हीपीएन सगळा डेटा बाहेरच्या सर्व्हरकडे न्यायला बघतो, ॲपचं घर मात्र जहाजावरच असतं, त्यामुळे ॲपला वाटतं तुम्ही जहाजावर नाहीच आहात. तेच अँड्रॉइडमधल्या प्रायव्हेट डीएनएसचं (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय म्हणजे डीएनएस). तिथे कुणी हौसेने जाहिराती अडवणाऱ्या सर्व्हरचा पत्ता टाकून ठेवलेला असला तर जहाजाचं लॉगिन पानसुद्धा उघडत नाही. ते 'ऑटोमॅटिक' किंवा 'ऑफ' वर ठेवा. आयफोनमध्ये त्या वायफायच्या नावासमोरच्या छोट्या आय (i) च्या खुणेवर टॅप केलं की आयपी ॲड्रेस (इंटरनेटवरचा फोनचा पत्ता) ट्रॅकिंग मर्यादित ठेवायचं बटण दिसतं, तेही त्या नेटवर्कपुरतं बंद करून बघा.

आणि ॲप आधीच डाउनलोड करून, लॉगिन करून, अपडेट करूनच जहाजावर चढा. पॅकेज नसेल तर ॲप स्टोअर तिथे उघडेलच याचा भरवसा नाही, मग ॲपसाठी इंटरनेट आणि इंटरनेट विकत घेण्यासाठी ॲप अशी कोंडी होते.

टेबलवरच्या क्यूआर कोडचंही हेच. तो बऱ्याचदा जहाजाच्या आतल्या पत्त्यावर नेतो, त्यामुळे फोन वायफायवर नसेल तर पान कोरंच राहतं. वेटरला छापील मेनू मागा, बहुतेक जहाजांवर तो ठेवलेला असतो, आणि ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर पहिल्या रात्रीच सांगून टाका की आमच्या टेबलला रोज छापील मेनू द्या.

पॅकेज घेतलंय, मेनू उघडतोय, पण बाहेरचं काही चालत नाही

आता भानगड लॉगिनमध्ये असण्याची शक्यता जास्त. वायफाय जोडल्यावर जे पान आपोआप उघडायला हवं ते उघडलंच नाही की फोन नुसता जोडलेला राहतो. कारण असं की जहाजाचं नेटवर्क तुमची पहिली विनंती अडवतं आणि तुम्हाला लॉगिन पानाकडे वळवतं, पण हल्ली जवळजवळ सगळ्या साइट एचटीटीपीएस (कुलूपबंद, सुरक्षित जोडणी) वर चालतात आणि तिथे अशी मध्येच केलेली अडवणूक ब्राउझर मान्य करत नाही, नुसती एरर दाखवतो. म्हणून ब्राउझरमध्ये साधी एचटीटीपी, म्हणजे बिनकुलपाची साइट उघडायची. नेव्हरएसएसएल डॉट कॉम ही साइट याच कामासाठी बनवलेली आहे, तिचा पत्ता टाकला की बहुतेक वेळा लॉगिन पान समोर येतं. नाहीतर केबिनमधल्या माहितीपत्रकात लॉगिन पानाचा पत्ता दिलेला असतो, तो हाताने टाइप करा.

लॉगिन केलं, तरी 'डिव्हाइसची मर्यादा संपली' असं येतंय? एका डिव्हाइसचं पॅकेज घेऊन घरातले चौघं आलटून पालटून वापरत असतील तर आधीच्या फोनवर नुसतं वायफाय बंद करून भागत नाही. त्या फोनवर लॉगिन पानावर जाऊन रीतसर लॉगआउट करावं लागतं, नाहीतर सिस्टिमच्या लेखी तो फोन अजून चालूच असतो.

पण घरात एकच फोन वापरतोय आणि तरी मर्यादा संपल्याचं येतंय, तर मग हे बघा. प्रत्येक फोनला एक मॅक ॲड्रेस असतो, जहाजाची सिस्टिम त्यावरूनच ओळखते की हा कुठला फोन. आयफोनने २०२० साली आयओएस १४ पासून आणि अँड्रॉइडने २०१९ साली अँड्रॉइड १० पासून खरा पत्ता लपवून नेटवर्कला एक बनावट पत्ता द्यायला सुरुवात केली, प्रायव्हसीसाठी ते चांगलंच आहे, पण हा पत्ता बदलला की जहाजाच्या सिस्टिमला तुमचा तोच फोन नवा फोन वाटतो. आणि अडचण आली की लोक पहिलं काय करतात तर 'हे नेटवर्क विसरा' दाबतात, त्याने कधीकधी पत्ता बदलतो आणि गुंता आणखी वाढतो. आयफोनवर त्याच आय च्या आत प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस असतो, तो 'फिक्स्ड' किंवा 'ऑफ' ठेवा, 'रोटेटिंग' नको. अँड्रॉइडवर त्या नेटवर्कच्या प्रायव्हसीमध्ये जाऊन 'डिव्हाइसचा मॅक वापरा' निवडा. हे पहिल्या दिवशी, लॉगिन करायच्या आधी करायचं. नंतर केलं तर पुन्हा पत्ता बदलतो आणि इंटरनेट डेस्कवर जाऊन जुनी नोंद काढून घ्यावी लागते. डेस्कवर जाऊन 'नेट चालत नाही' म्हणण्यापेक्षा 'माझ्या खात्यावर जुनं डिव्हाइस अडकलंय, ते काढा' असं म्हणा, काम झटकन होतं.

चालतं, पण गोगलगायीसारखं

वायफायचे दांडे हे फक्त तुमचा फोन आणि कॉरिडॉरमधला किंवा छतातला वायफायचा डबा यांच्यातला सिग्नल किती जोरदार आहे ते सांगतात. जहाजापासून आकाशापर्यंत काय चाललंय ते त्यात दिसत नाही. तेव्हा दांडे पूर्ण आहेत असं सांगून डेस्कवर वाद घालण्यात अर्थ नाही.

वेग कशावर अवलंबून असतो तर मुख्य म्हणजे कुठला सॅटेलाइट. जुन्या पद्धतीचे भूस्थिर (जमिनीवरून आकाशात एकाच जागी दिसणारे) सॅटेलाइट साधारण ३५,७८६ किलोमीटरवर असतात, तुमची विनंती वर जाऊन खाली येणार आणि उत्तर परत त्याच रस्त्याने, एवढ्या प्रवासातच अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ जातो. मेसेज पाठवताना ते जाणवत नाही, व्हिडिओ कॉलवर मात्र दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलत राहतात. मधल्या कक्षेतले काही सॅटेलाइट साधारण ८,००० किलोमीटरवर आहेत. आणि स्टारलिंक या सॅटेलाइट इंटरनेट सेवेचे सॅटेलाइट साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात, म्हणून तिथे हा उशीर फारच कमी. रॉयल कॅरिबियन ग्रुपने २०२२ साली आपल्या जहाजांवर स्टारलिंक बसवायचं जाहीर केलं आणि नंतर इतर मोठ्या कंपन्याही तिकडे वळल्या. ज्यांना जहाजावरून ऑफिसची मीटिंग करायचीच आहे त्यांनी पॅकेजचं नाव किती झकास आहे ते बघण्यापेक्षा बुकिंगच्या आधीच विचारावं की या जहाजावर कुठली सॅटेलाइट सेवा आहे आणि कुठल्या पॅकेजमध्ये व्हिडिओ कॉल चालतो. नुसतं मेसेजिंगवालं पॅकेज घेऊन व्हिडिओ कॉल लागत नाही म्हणून तक्रार करणारे दर वेळी भेटतात.

सॅटेलाइट कितीही चांगला असला तरी येणारं नेट सगळं जहाज मिळून वापरतं, हजारो माणसं. दिवसभर समुद्रातच असलेल्या दिवशी आणि संध्याकाळी डिनरच्या आगेमागे सगळ्यात जास्त ताण. पहाटे, किंवा बंदराला लागल्यावर गर्दी उतरून गेली की तेच नेट छान पळतं. मोठी फाइल पाठवायची असेल तर तेव्हा पाठवा.

नॉर्वेच्या फियॉर्डमध्ये (डोंगरांमधल्या अरुंद खाडीत) किंवा अलास्कासारख्या उत्तरेकडच्या भागात भूस्थिर सॅटेलाइट क्षितिजाच्या अगदी जवळ दिसतो, मध्ये डोंगर आला की संपलं, आणि तिथे कुणीही काही करू शकत नाही, जहाज वळलं की परत येतं. अशा वेळी सेटिंगमध्ये हात घालू नका. चांगलं चाललेलं बिघडवून ठेवाल.

फोनवर मात्र एक काम नक्की करा. फोटोंचा बॅकअप आणि ॲपचे अपडेट बंद करा. आयफोनवर त्या वायफायसाठी 'लो डेटा मोड', अँड्रॉइडवर त्या नेटवर्कला 'मीटर्ड' करा, म्हणजे फोन डेटा जपून वापरतो. दिवसभर काढलेले व्हिडिओ गुपचूप वर चढत असतात आणि आपण मेसेज का जात नाही म्हणून बघत बसतो.

एअरप्लेन मोडबद्दल, कारण इथे खरंच खिसा कापला जातो

बऱ्याच जहाजांवर स्वतःचा मोबाइल टॉवर असतो. जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं, साधारणपणे देशाच्या १२ सागरी मैलांच्या हद्दीबाहेर, की तो चालू होतो आणि तुमचा फोन त्याला आपोआप जोडला जातो. तुम्ही घेतलेल्या परदेशातल्या रोमिंग पॅकमध्ये हे समुद्रातलं नेटवर्क बहुतेक वेळा धरलेलं नसतं, आणि बिल घरी गेल्यावर कळतं. जहाज सुटतानाच एअरप्लेन मोड लावायचा आणि मग वायफाय वेगळं चालू करायचं. मुलांच्या फोनवर हे तुम्ही स्वतः हातात घेऊन करा. ई-सिम (कार्डाशिवायचं, फोनमध्येच चालू होणारं सिम) घेतलं असेल तर त्याचा उपयोग बंदरात, जमिनीवरच्या टॉवरच्या टप्प्यात, समुद्रात नाही.

यातून पुढची अडचण येते ती ओटीपीची. एअरप्लेन मोडमध्ये एसएमएस येत नाही, आणि वायफाय कॉलिंगवर येईल की नाही ते तुमच्या मोबाइल कंपनीवर आहे, परदेशातून ते चालू देतात का हे निघण्याआधी विचारून घ्या. त्यात जहाजाचा आयपी ॲड्रेस भलत्याच देशातला दिसू शकतो, जिथे सॅटेलाइटचं जमिनीवरचं स्टेशन असेल तिथला, म्हणून बँकेला संशय येऊन ती लॉगिन अडवते. पैशांची जी काही कामं असतील ती निघायच्या आधी उरकून घ्या, महत्त्वाच्या खात्यांचे बॅकअप कोड (ओटीपी आला नाही तर लॉगिनसाठी चालणारे) कागदावर लिहून जवळ ठेवा.

जेवणाची वेळ चुकते ती घड्याळामुळे

जहाज स्वतःच्या वेळेवर चालतं. कधी बंदराच्या वेळेप्रमाणे ती बदलतात, कधी मुद्दाम तीच ठेवतात. फोन मात्र जमिनीवरचा टॉवर किंवा लोकेशन बघून आपला आपण बदलतो, त्यामुळे साडेसहाचं टेबल असताना तुम्ही साडेसातला पोहोचता आणि तिथला माणूस टॅबलेटवर बघून सांगतो की तुमचं बुकिंग आता दिसत नाही. बुकिंग हरवलेलं नसतं, वेळ उलटून गेलेली असते. आणि ठरलेल्या वेळेला गेलं नाही की स्पेशल (वेगळे पैसे घेणाऱ्या) रेस्टॉरंटमध्ये बऱ्याच ठिकाणी दंडही लावतात.

आता इथे उपाय करताना एक मोठी गफलत होते. लोक 'ऑटोमॅटिक' बंद करतात आणि हाताने तासाचा काटा पुढे-मागे करतात. तसं करू नका. टाइम झोन बदला, वेळ नाही. म्हणजे ऑटोमॅटिक बंद करून, जहाजाच्या वेळेशी जुळणारं एखादं शहर निवडा. वेळच हाताने बदलली तर फोनच्या लेखी जगाची वेळ चुकते, ऑथेंटिकेटर ॲपमधले लॉगिनचे सहा आकडी कोड, जे साधारण दर ३० सेकंदांनी वेळेवरूनच तयार होतात, ते सगळे चुकीचे ठरतात, व्हॉट्सॲपही तारीख-वेळ बरोबर नाही म्हणून अडून बसतं. झोन बदलला तर यातलं काही होत नाही. हे एवढं सविस्तर सांगतोय कारण घड्याळ आणि नेट यांचा काही संबंध असेल असं कुणाच्या डोक्यातच येत नाही आणि डेस्कवरचा माणूसही हे विचारत नाही. साधं हातातलं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवलंत तर उत्तमच.

बुकिंग दिसत नसेल आणि घड्याळही बरोबर असेल, तर बघा बुकिंग कुणाच्या नावावर आहे. दोन केबिनमध्ये राहणाऱ्या कुटुंबांचे बुकिंग नंबर एकमेकांना जोडलेले नसले तर एकाने केलेलं टेबल दुसऱ्याच्या ॲपमध्ये दिसत नाही, आणि मोठ्या डायनिंग रूममध्ये तुम्हाला वेगवेगळ्या टेबलवर बसवतात. हे निघण्याआधी कंपनीला सांगून जोडून घ्या. राहून गेलं असेल तर चढल्याच्या दिवशी दुपारीच डायनिंग रूमच्या मॅनेजरला गाठा, त्या दुपारी तो बऱ्याचदा याच कामासाठी बसलेला असतो, कुठे आणि किती वाजता ते त्या दिवसाच्या कार्यक्रमात लिहिलेलं असतं. दोन्ही केबिनचे नंबर सांगा, किती माणसं ते सांगा, आणि टेबल नंबर लिहून घ्या. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलात तर चांगली टेबलं संपलेली असतात.

ठरलेल्या वेळेचं जेवण की वाट्टेल तेव्हा, हे ज्याचं त्याने ठरवावं. ठरलेल्या वेळेत लवकरची आणि उशिराची अशा दोन पाळ्या असतात, रोज तेच टेबल, तेच वेटर. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली फ्रीस्टाइल नावाने ही पाळ्यांची पद्धत मोडली आणि आता बहुतेक कंपन्यांकडे हवं तेव्हा या असा पर्याय असतो. माझं मत विचाराल तर लहान मुलं, ज्येष्ठ माणसं किंवा खाण्याची पथ्यं असतील तर ठरलेली वेळच घ्या. रोज तोच वेटर असला की ॲलर्जी एकदा सांगून पुरते. हवं तेव्हावाल्यांना रोज नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावं लागतं आणि ऐन गर्दीच्या वेळी दारात रांग असते ती वेगळीच.

पथ्य असेल तर नुसतं ॲपमध्ये खूण करून निर्धास्त राहू नका. बुकिंगच्या वेळी कळवा, चढल्यावर तोंडी सांगा, आणि डिनर संपताना दुसऱ्या दिवशीचा मेनू मागून त्यातलं काय हवं ते हेड वेटरकडे आदल्या रात्रीच ठरवा. स्वयंपाकघराला तयारीला वेळ मिळाला की ताटात नुसती उकडलेली भाजी येत नाही. बुफेत मात्र चमचे इकडचे तिकडे होतात, ॲलर्जी गंभीर असेल तर तिथे न जाता डायनिंग रूममध्येच जेवा.

आता एवढं सगळं करूनही नेट चाललं नाही, तर पैसे परत मागायला अजिबात संकोचू नका, पण घरी गेल्यावर नाही, जहाजावर असतानाच. कुठल्या दिवशी, किती वाजता, जहाजावर कुठे, ॲप चालत होतं का आणि लॉगिन पानावर काय दिसत होतं याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. डेस्कवर शेवटच्या रात्री सगळ्यांची गर्दी उसळते, म्हणून त्याच्या आदल्या सकाळीच जा आणि खात्यावर रक्कम जमा झालेली ॲपमध्ये दिसली की मगच तिथून हला.